आतडे सुजलेल्या मुलांची स्टूल तपासणी जिल्ह्यातच करा: बेळगावच्या आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य व कुटुंब कल्याण अधिकारी, बेळगाव,
मा. जिल्हा शस्त्रचिकित्सक, बेळगाव,
आणि जिल्ह्यातले सर्व बालरोगतज्ज्ञ व लॅबचालक.

सविनय नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हा आतड्याचा दीर्घ आजार असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांची कॅल्प्रोटेक्टिन नावाची स्टूल तपासणी बेळगाव जिल्ह्यात एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने, ठरलेल्या वारी आणि विनामूल्य व्हावी. नमुना मात्र गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात घेतला जावा. यासाठी नवी इमारत लागत नाही. डेंग्यूची तपासणी ज्या एलायझा पद्धतीने होते त्याच पद्धतीने हीही होते, त्यामुळे वेगळे महागडे यंत्रही लागत नाही. लागते ती विखुरलेले नमुने एकत्र आणण्याची व्यवस्था. तशी व्यवस्था तुमच्याच खात्यात दुसऱ्या एका आजारासाठी कित्येक वर्षे चालू आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

मी खानापूर तालुक्यात लॅब टेक्निशियन म्हणून काम करतो. रक्त, लघवी, थुंकी, संडास हेच माझे रोजचे काम. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणाला कोणते औषध द्यावे याबद्दल इथे काही लिहिणार नाही. पण डबी घेऊन येणारे आईबाप पहिल्यांदा भेटतात ते आम्हाला, आणि रिपोर्ट हातात पडल्यावर ‘ह्यो आकडा काय म्हणतोय हो अण्णा?’ असे विचारतात तेही आम्हालाच. त्या प्रश्नाला नीट उत्तर देता यावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

आपल्याकडे संडासातून रक्त पडले की घरातले दोनच नावे घेतात, आव नाहीतर मूळव्याध. आव इतकी ओळखीची आहे की त्यात कोणाची चूक म्हणता येत नाही. बहुतेक मुले गोळ्यांनी बरीही होतात. पण काही मुलांचे रक्त थांबत नाही, थांबले तर महिन्याभराने पुन्हा सुरू होते. मूल वाळत जाते, वर्गातल्या बाकीच्यांची उंची वाढते आणि याची थांबते, मुलगी असेल तर पाळी लांबते. मग बेळगाव, हुबळी, मिरज, कोल्हापूर, नाहीतर गोव्यात बांबोळी असा कुठेतरी फेरा होऊन दुर्बीण घातली जाते आणि आजाराला नाव मिळते. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात की काही मुले आधी टीबीच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स घेऊनच तिथे पोचतात. या आजाराच्या साधारण चार रुग्णांतल्या एकाला तो वयाच्या विशीच्या आत सुरू होतो, असे परदेशातल्या जुन्या नोंदी सांगतात. मुलांमध्ये कोलायटिस मोठ्यांपेक्षा जास्त पसरलेला असतो, बहुतेकांच्या सगळ्या मोठ्या आतड्यात. म्हणजे ज्या वयात हाडे वाढायची, त्याच वयात अन्न अंगी लागत नाही.

मला बोलायचे आहे ते नाव मिळाल्यानंतरच्या वर्षांबद्दल.

औषध सुरू होते, रक्त थांबते, पोट दुखायचे राहते, मूल शाळेत जाऊ लागते. घरच्यांना हायसे वाटते आणि ते साहजिक आहे. ‘पोरगं बरं हाय की आता, जेवतंय, खेळतंय. परत कशाला तपासायचं?’ हे वाक्य मी मराठीत ऐकले आहे आणि कन्नडमध्येही. पण या आजारात आतली सूज राखेखालच्या निखाऱ्यासारखी शिल्लक राहू शकते. वर काही लक्षण नाही आणि आत व्रण आहेत, ही अवस्था नवलाची नाही. सीआरपी आणि ईएसआर या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांवर पूर्ण भरवसा टाकता येत नाही. कोलायटिसच्या बऱ्याच मुलांत आतडे सुजलेले असतानाही त्या नॉर्मल येतात. खात्री करायची तर दुर्बीण. म्हणजे जुलाबाचे औषध पाजून आतडे रिकामे करायचे, उपाशी ठेवायचे, मुलाला भूल द्यायची. गरज पडली तर ते करावेच लागते, पण दर तीन-चार महिन्यांनी कोणतेही पालक हे करू शकणार नाहीत आणि कोणताही डॉक्टर करायला सांगणार नाही.

मधली जागा कॅल्प्रोटेक्टिन भरून काढते. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींत हे प्रथिन ठासून भरलेले असते. त्या पेशीच्या आतल्या द्रवात विरघळलेल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त वाटा याचाच. आतड्याच्या अस्तराला सूज आली की न्यूट्रोफिल तिथे जमतात, अस्तर ओलांडून आतड्याच्या पोकळीत उतरतात आणि हे प्रथिन संडासावाटे बाहेर येते. सूज वाढली की संडासातले प्रमाण वाढते, उतरली की कमी होते. नॉर्वेतल्या संशोधकांनी १९८० मध्ये ते पेशींतून वेगळे केले आणि १९९२ मध्ये संडासात मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ब्रिटनमध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही आतड्याची खरी सूज आणि नुसती पोटाची तक्रार यांत फरक करायला ही तपासणी वापरा, असे सांगितले. लॅक्टोफेरिन नावाचे दुसरेही एक प्रथिन याच कामासाठी मोजतात, पण जास्त वापर आणि जास्त अनुभव कॅल्प्रोटेक्टिनचा आहे.

आकड्यांचा अर्थ ढोबळपणे असा. चार वर्षांवरच्या मुलात आणि मोठ्या माणसात एका ग्रॅम संडासात ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर नॉर्मल. २५० च्या वर गेला तर सूज सक्रिय असण्याची शक्यता मोठी. मधल्या पट्ट्यात एकदम काही ठरवायचे नसते. काही आठवड्यांनी पुन्हा बघायचे असते. चार वर्षांखालच्या मुलांत, विशेषतः तान्ह्या बाळांत, निरोगी असतानाही आकडा बराच जास्त येतो, म्हणून त्यांना मोठ्यांचा निकष लावणे चूक आहे. रिपोर्टवर छापलेली एकच मर्यादा बघून दोन वर्षांच्या बाळाची आई घाबरून रडत आलेली मी पाहिली आहे. वयानुसार मर्यादा छापायला लॅबला काहीही खर्च येत नाही.

आता हा आकडा नुसता माहितीसाठी आहे की त्याने उपचार बदलतात? क्रोन्सच्या मोठ्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘काम’ (CALM) नावाच्या चाचणीत २४४ रुग्णांचे दोन सारखे गट केले होते. एका गटात फक्त लक्षणे बघून औषध वाढवले, दुसऱ्यात लक्षणांबरोबर कॅल्प्रोटेक्टिन आणि सीआरपीही बघून. ४८ आठवड्यांनी दुर्बिणीतून पाहिले तेव्हा पहिल्या गटातल्या ३० टक्के रुग्णांचे आतडे भरून आले होते, दुसऱ्या गटात ४६ टक्क्यांचे. औषधे तीच होती; ती केव्हा वाढवायची हे लवकर कळले, एवढाच फरक. पुढे २०२१ मध्ये स्ट्राइड-दोन या नावाने आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी उपचारांची उद्दिष्टे ठरवली. त्यांत कॅल्प्रोटेक्टिन खाली आणणे हा एक टप्पा म्हणून घातला आहे आणि मुलांच्या बाबतीत वाढ पूर्ववत होणे हे उद्दिष्ट म्हणून लिहिले आहे. हे सगळे आपल्या तज्ज्ञांना माहीत आहे. अडचण त्यांच्या चिठ्ठीपासून गावातल्या डबीपर्यंतच्या रस्त्यात आहे.

छोट्या लॅबमध्ये ही तपासणी का होत नाही, ते आमच्या बाजूने सांगतो, कारण पालकांना वाटते की आम्ही टाळतो. एलायझाच्या प्लेटवर नमुने टाकायचे ९६ वेल, म्हणजे छोटे खळगे, असतात. प्रत्येक वेळी प्लेट लावताना ठरलेल्या प्रमाणांची द्रावणे आणि कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेले नमुने) सोबत लावावेच लागतात, तेही जोडीने. त्यातच बारा-चौदा वेल जातात. आमच्याकडे महिन्याला दोन किंवा तीन नमुने आले तर त्या दोन-तीन मुलांसाठी किटचा मोठा भाग वाया घालवायचा, आणि उरलेल्या किटची मुदत संपली की तो फेकायचा. म्हणून लॅब नमुना कुरिअरने मोठ्या शहरातल्या मोठ्या लॅबकडे पाठवते. तिथे तपासणी, वाहतूक आणि मधल्या प्रत्येकाचा वाटा मिळून पालकांना दीड-दोन हजारांपासून तीन हजारांपर्यंत बिल लागते. रोजंदारीवरच्या घरात ही आठवड्याची मजुरी आहे. रिपोर्ट यायला लागणारा वेळ वेगळाच.

बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४८ लाख होती. राज्यात बेंगळुरू शहर जिल्ह्यानंतर आपलाच क्रमांक. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी, रायबाग, गोकाक, बैलहोंगल, सौंदत्ती, सगळीकडचे दोन-दोन, तीन-तीन नमुने एका टेबलावर आले की प्लेट भरते. प्लेट भरली की एका नमुन्याचा खर्च उतरतो. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली इथे आहे: एकेका तालुक्यात जी तपासणी परवडत नाही ती जिल्ह्याला परवडते.

सीमाभागातल्या मुलांना आणखी एक त्रास आहे आणि तो मला जास्त छळतो. आपली माणसे नातेवाईक जिथे असतील तिथे उपचाराला जातात. एखाद्याचा मामा कोल्हापुरात, कोणाची आक्का म्हापशाला, कोणाचा भाऊ बेंगळुरूला कामाला. मूल तीन राज्यांत तपासले जाते. पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच नमुन्याचा आकडा एका किटवर एक, तर दुसऱ्या किटवर दुप्पट किंवा त्याहून जास्त येऊ शकतो. त्यामुळे ही तपासणी उपयोगी पडायची तर एका मुलाची दरवेळी त्याच लॅबमध्ये, त्याच किटवर व्हायला हवी. बघायचा असतो तो चढउतार.

जांबोटी भागातली नववीतली एक मुलगी. पहिला रिपोर्ट एका शहरातला, १८० च्या आसपास. पुढचा घाट उतरून पलीकडच्या राज्यातला, ४०० च्या वर. तिसरा कुरिअरने गेलेला, मधलाच काहीतरी. वडील तिन्ही कागद माझ्यासमोर पसरून विचारत होते, ‘वाढलंय की उतरलंय?’ तीन किटांची नावेसुद्धा कागदावर नव्हती. मला सांगता येईना आणि त्यांच्या डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येईना. शेवटी सावधगिरी म्हणून दुर्बीण झाली आणि आतडे जवळजवळ स्वच्छ निघाले. चांगलीच बातमी, पण ती मिळवायला मुलीची परीक्षा बुडाली आणि लावणीसाठी ठेवलेले पैसे गेले. ती मुलगी आणि तिचे वडील दोघांनीही जे सांगितले ते सगळे वेळच्या वेळी केले होते.

याच्या उलटही होते. नंदगडकडचा एक मुलगा, दहावीचा. बरा दिसत होता म्हणून तपासणी पुढे ढकलली, मग खर्च नको म्हणून ढकलली. एसएसएलसीच्या आधी रात्री दोन-दोन वेळा उठून संडासला पळू लागला आणि कोणाला सांगितले नाही. रक्त खूप गेले तेव्हा दवाखान्यात दाखल केले, स्टिरॉइडची इंजेक्शने द्यावी लागली. लक्षणे दिसण्याआधी काही आठवडे, कधी दोन-तीन महिने, कॅल्प्रोटेक्टिन चढू लागते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तेवढ्या अवधीत गोळीचा डोस तपासता आला असता, तो गोळ्या घेतो का हे विचारता आले असते. या वयातली बरीच मुले बरे वाटले की गोळ्या बंद करतात. घरच्यांना गोळ्यांची डबी भरलेली दिसते तेव्हा कळते.

इथे पैशांचा मुद्दा आलाच. दाखल झाल्यावर त्या मुलाचा बराच खर्च सरकारी योजनेतून भागला. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाभोवती उभी आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचे ठरवले; तिचाही भर उपचारासाठी दाखल होणाऱ्यांवरच. म्हणजे मूल खाट धरण्याइतके आजारी पडले तर हजारो रुपये मिळतात, आणि ते खाटेपर्यंत जाऊ नये यासाठीच्या डबीचे दोन हजार बापाने खिशातून भरायचे. साहेब, हे उलटे आहे. सीमेचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्यावर प्रत्येकाचे मत आहे, माझेही आहे. पण ही तपासणी कोणत्या सरकारने करावी यावर वाद घालायची गरज नाही. मुले या जिल्ह्यात राहतात, इथल्या शाळांत जातात. जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने करावी.

आता व्यवस्थेबद्दल. क्षयरोगाच्या कार्यक्रमात थुंकीची डबी प्राथमिक आरोग्य केंद्रात घेतली जाते आणि सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्र असलेल्या केंद्राकडे पाठवली जाते. तीन आवरणांचे पॅकिंग, थंड पेटी, सोबत फॉर्म, नेणारा माणूस, पोच. देशात काही ठिकाणी टपाल खात्यामार्फतही हे नमुने नेले गेले आहेत. कॅल्प्रोटेक्टिनची डबी याच वाटेने, वेगळ्या पिशवीत आणि वेगळ्या चिठ्ठीसह जाऊ शकते. थुंकीपेक्षा हिचे लाड कमी करावे लागतात: आतड्यातल्या जंतूंना न जुमानणारे हे प्रथिन साध्या तापमानाला साधारण तीन दिवस टिकते, फ्रिजमध्ये ठेवले तर आणखी बरे. तरी मे महिन्यात जीपच्या काचेमागे तापत ठेवलेला नमुना मी भरवशाचा मानणार नाही. थंड पेटी हवीच. पावसाळ्यात कणकुंबीच्या बाजूला किंवा भीमगड अभयारण्यातल्या गावांत रस्ता बंद पडतो तेव्हा मुलाला आणणे कठीण असते, पण वाटाण्याएवढा नमुना आशाताईंच्या हातून निघू शकतो. मुलाला यावे लागत नाही, सुई टोचावी लागत नाही, शाळा बुडत नाही. दुसरी कोणतीही तपासणी खानापूरच्या जंगलातल्या गावाला इतकी सोयीची नाही.

आठवड्याचा एक वार ठरवा. सोमवार-मंगळवारी तालुक्यांत नमुने गोळा व्हावेत, बुधवारी जिल्ह्याच्या लॅबमध्ये पोचावेत, गुरुवारी प्लेट लागावी, शुक्रवारी रिपोर्ट डॉक्टरांच्या आणि पालकांच्या मोबाइलवर जावा. आठवड्याला पुरेसे नमुने नसतील तर पंधरवड्याने करा, तोवर नमुने उणे तापमानाला ठेवता येतात. तातडीच्या रुग्णासाठी झटपट आकडा देणारी छोटी यंत्रे बाजारात आहेत, पण त्यांचा आकडा एलायझाच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करू नये. वेगळ्या रकान्यात लिहावा. आणि किटची खरेदी दरवर्षी सर्वांत स्वस्त निविदेवर बदलत ठेवू नका, ही हात जोडून विनंती. किट बदलला की सगळ्या मुलांचे जुने आकडे निरुपयोगी होतात. बदलणे भागच पडले तर काही नमुने दोन्ही किटांवर लावून फरक नोंदवा. रिपोर्टवर किटचे नाव छापा. लॅबचालक बंधूंनो, हे शेवटचे आपण उद्यापासून करू शकतो, सरकारी आदेशाची वाट न बघता.

नमुना कसा घ्यायचा हे मराठी आणि कन्नड दोन्हीत छापून डबीबरोबर द्या. आपल्या घरांतली संडासे बहुतेक उकिडवे बसायची. नमुना पाण्यात पडतो आणि पालक तोच उचलून आणतात. कागदी प्लेट किंवा प्लास्टिकचा तुकडा मांडून त्यावर घ्यावा, लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नये, जमल्यास सकाळचा पहिला असावा, डबी काठोकाठ भरू नये, नाव, तारीख आणि वेळ लिहावी. मुलीची पाळी चालू असेल तर दोन-चार दिवस थांबावे. दुर्बिणीसाठी जुलाबाचे औषध घेतल्यानंतर लगेच नमुना देऊ नये. आणि गेल्या काही दिवसांत अंगदुखीच्या गोळ्या घेतल्या का, हा प्रश्न फॉर्मवर ठळक असावा. डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी आकडा वाढतो, आणि त्या आपल्याकडे मेडिकलमध्ये मागितल्या की मिळतात.

या तपासणीच्या मर्यादाही स्पष्ट मांडल्या पाहिजेत, नाहीतर लोक तिला भलत्याच गोष्टी विचारतील. आकडा वाढला म्हणजे सूज आहे एवढे कळते. ती कशाने आली ते कळत नाही. साधी आव, टायफॉइडच्या कुळातले जंतू, आतड्याचा टीबी, सगळ्यांत आकडा चढतो. क्रोन्स आणि टीबी यांतला फरक ही तपासणी सांगू शकत नाही, आणि आपल्या भागात तो प्रश्न रोजचा आहे. म्हणून आधी बरे असलेल्या मुलाचा आकडा अचानक उसळला तर आजार उलटला असे म्हणण्याआधी संडासात जंतू आहेत का हे बघणाऱ्या स्टूल रूटीन आणि कल्चर या तपासण्या कराव्यात. सूज फक्त लहान आतड्यात असेल तर आकडा फसवा कमी येऊ शकतो. एका आकड्यावर स्टिरॉइड सुरू करू नये आणि एका आकड्यावर औषध बंदही करू नये. हे ठरवणे बालरोगतज्ज्ञांचे आणि पोटाच्या तज्ज्ञांचे काम आहे. आम्ही त्यांना विश्वासाचा आकडा द्यायचा.

बालरोगतज्ज्ञांना एक विनंती. कोलायटिसच्या मुलांसाठी पुकाय (PUCAI) नावाची सहा प्रश्नांची मोजणी आहे: पोटदुखी, रक्त, संडास पातळ की घट्ट, दिवसातून किती वेळा, रात्री उठावे लागते का, आणि मूल नेहमीसारखे वावरते का. ० ते ८५ गुण, १० च्या खाली म्हणजे आजार शांत. याला पैसे लागत नाहीत, दोन मिनिटे लागतात. चिठ्ठीवर हा आकडा, वजन आणि उंची लिहून पाठवलीत तर कॅल्प्रोटेक्टिनच्या शेजारी तो ठेवता येईल आणि जिल्ह्याच्या नोंदवहीत मुलाची खरी वाटचाल दिसेल. वजन-उंची शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडेही मिळते. ती वाया जाऊ देऊ नका.

आणि लाज. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आपल्या संडासाबद्दल कोणाशी बोलणे नको असते. काउंटरवर गर्दीत ‘स्टूलवाला कोण आहे?’ असे ओरडले की तो पुढच्या वेळी येत नाही. तपासणी बंद पडायला हे एक कारण पुरते. अपारदर्शक पिशवी, नावाऐवजी नंबर, आणि डबी द्यायला थोडी आडोशाची जागा, एवढे प्रत्येक केंद्रात सक्तीचे करा. शाळेतल्या सर-बाईंनाही सांगावे लागेल की असे मूल तासाला मधूनच उठून गेले तर त्याला कारण विचारून सगळ्यांसमोर उभे करू नये.

एकदम सगळ्या जिल्ह्यात जमत नसेल तर खानापूर आणि निपाणी या दोन तालुक्यांत सहा महिने करून बघा. दोन्हीकडची माणसे उपचाराला सीमेपलीकडे जातात, त्यामुळे अडचणी लवकर कळतील. किती नमुने आले, किती खराब निघाले, रिपोर्टला किती दिवस लागले, किती मुलांचे औषध त्यावरून बदलले आणि किती जणांची दुर्बीण टळली, एवढी नोंद ठेवली तरी पुढचा निर्णय घेता येईल. नमुना घेण्याचे आणि पॅकिंगचे शिक्षण द्यायला माझ्यासारखे टेक्निशियन सुट्टीच्या दिवशी बिनपैशाने येतील. माझ्या ओळखीच्या काहींनी तसे सांगितलेही आहे.

बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमधले विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरात भरते. त्याआधी तुमच्या कार्यालयात एका प्लेटचा खर्च आणि वाहतुकीचा आराखडा असे दोन कागद तयार झाले, तर जिल्ह्यातल्या आमदारांना भेटायला आम्ही आणि पालक तुमच्यासोबत येऊ. भेटीची वेळ कळवावी.

आपला विश्वासू,
एक लॅब टेक्निशियन
खानापूर तालुका, जि. बेळगाव